कॅराव्हॅनचा विमा : पॉलिसीत आतलं घर कुठे आहे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गेल्या काही वर्षांत गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची सोय करून घेणारी कुटुंबंही वाढली आहेत. तुमच्या पत्रांमधून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसते. गाडीचा विमा असतो, आतल्या घराचा नसतो, आणि हे मालकाला कळतं ते सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, दारात उभा राहिल्यावर. म्हणून या वेळची सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वीची व्हॅन घेऊन पुण्यात तिचा कॅम्पर करून घेतला. दोन पलंग, ओटा, फ्रिज, टपावर सोलर पॅनल, जादा बॅटरी, असा सगळा मिळून सात लाख खर्च आला. एजंट म्हणतो, आहे तीच कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी पुरे. खरं आहे का? (एक वाचक, पुणे)

नाही, पुरे नाही. गाडी बाहेर काढण्याआधी हे काम उरकून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात आरसीपासून करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं आहे. तुमच्या आरसीवर अजून जुनीच आसनसंख्या आणि जुनाच बॉडी टाइप असेल आणि आत सीटच्या जागी पलंग असतील, तर विमा कंपनीच्या हातात दावा नाकारायचं आयतं कारण पडलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. बांधणी करणाऱ्याकडे त्यानुसार मंजुरी आहे का, हे लेखी विचारा, आणि आरटीओकडून आरसीवर बदलाची नोंद करून घ्या. ‘खासगी वापराची कॅम्पर व्हॅन’ हा प्रकार नोंदणीच्या नियमांत आहे.

मग येते आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. ती ठरते त्या मॉडेलच्या आजच्या किमतीतून घसारा, म्हणजे वयामुळे घटलेली किंमत, वजा करून. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा लागतो, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४०. समजा गाडीची किंमत १६ लाख आहे. ४० टक्के गेले की उरले ९ लाख ६० हजार. तुमचे सात लाख या हिशेबात कुठेच नाहीत. उद्या गाडी जळाली तर कंपनी साडेनऊ लाखांच्या आसपासच बोलेल, आणि तिच्या बाजूने ते बरोबरही असेल.

ते सात लाख पॉलिसीत आणायचे तर दोन भागांत आणावे लागतात. फ्रिज, इन्व्हर्टर, सोलर, बॅटरी ही विजेवरची उपकरणं. त्यांची वेगळी किंमत लिहून आयएमटी २४ हे एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कलम, लावलं जातं. जुन्या टॅरिफप्रमाणे त्याचा हप्ता किमतीच्या ४ टक्के होता, आजही बोलणी त्याच्या आसपास सुरू होतात. पलंग, कपाटं, ओटा, छत्री ही बिगरविद्युत उपकरणं. त्यांची किंमतही शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीतल्या तपशिलाच्या पानावर, स्वतंत्र रकान्यात आली पाहिजे. एजंटने तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ म्हटलं तर त्याला शेड्यूलवरचा आकडा बोटाने दाखवायला सांगा. आकडा नसेल तर कव्हर नाही.

आणखी एक. काही कंपन्या अशी गाडी ‘मिसलेनियस’, म्हणजे संकीर्ण वाहनांच्या, वर्गात घालतात. त्या वर्गात दिवे, टायर, बंपर, मडगार्ड, बॉनेटचे भाग आणि रंगकाम आयएमटी २३ घेतल्याशिवाय भरून मिळत नाही. छोट्या अपघातात नेमकं हेच तुटतं. पॉलिसी हातात आली की आधी हा २३ चा आकडा शोधा, बाकीचं नंतर वाचा.

प्रश्न : आंबोलीत झाडाची फांदी पडून टपाचा फायबर फुटला, खिडकी गेली. ७६ हजारांचं बिल झालं, मंजूर झाले ५६ हजार. हे लुबाडणं नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

तुम्ही पाठवलेलं बिल मी ओळ न ओळ पाहिलं. कापलेली रक्कम नियमात बसते, फक्त ती तुम्हाला कोणी समजावून सांगितली नाही. फायबरच्या भागावर ३० टक्के घसारा लागतो, म्हणून ४० हजारांचे झाले २८. रबर आणि प्लास्टिकवर ५० टक्के. सील आणि झरोक्याचे १२ हजार होते, त्याचे ६. काचेवर घसारा नसतो, ९ हजार पूर्ण मिळाले. मजुरीचे १५ हजार पूर्ण. झाले ५८ हजार. त्यातून तुमच्या पॉलिसीतली सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातला मालकाने सोसायचा वाटा, २ हजार.

कॅम्परमध्ये पत्रा कमी आणि फायबर, प्लास्टिक, रबर जास्त असतं. म्हणून साध्या मोटारीपेक्षा इथे झिरो डेप, म्हणजे भागांवरचा घसारा न कापणारं जादा कव्हर, जास्त कामाचं आहे. गाडी पाच वर्षांच्या आत असेल तर ते घ्याच. मात्र झिरो डेप फक्त गाडीच्या भागांना आहे की जोडलेल्या उपकरणांनाही, हे लेखी विचारून घ्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘आतल्या प्लायला पाणी लागून फुगलंय, तेही मागायचं होतं.’ फांदी पडली त्याच दिवशी त्या भोकातून पाणी आलं असेल तर मागा. सील जुनं होऊन पावसाळाभर हळूहळू ओल मुरली असेल तर ती झीज आहे आणि झीज कोणतीही मोटार पॉलिसी देत नाही. सर्व्हेअर हा फरक प्लायच्या कडेवरून ओळखतो. कडेला काळी बुरशी दिसली की ओल जुनी. आंबोलीसारख्या ठिकाणी गाडी नेणाऱ्यांनी दर मे महिन्यात टपावरची सगळी सीलं तपासावीत आणि तारखेसह फोटो ठेवावेत.

प्रश्न : माझी कॅम्पर व्हॅन एका ओळखीच्या कुटुंबाला चार दिवस दिली. डिझेलशिवाय काही पैसेही घेतले. साताऱ्याजवळ अपघात झाला. कंपनीने ‘भाड्याने दिली’ म्हणून दावा फेटाळला. आता काहीच मिळणार नाही का? (एक वाचक, सांगली)

खासगी पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा मजकूर असतो. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर त्यातून वगळलेला असतो. तुम्ही पैसे घेतलेत, त्यामुळे अट मोडली हे मान्य करूनच पुढे जाऊ. पैसे घेतलेच नाहीत असं सांगण्याच्या फंदात पडू नका. यूपीआयचा एक व्यवहार बाहेर आला की उरलेलं सगळं म्हणणंही खोटं ठरतं.

पण सगळं संपलेलं नाही. अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०१० च्या खटल्यात खासगी गाडी भाड्याने दिल्याचाच मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा वेळी दावा सरसकट फेटाळायचा नाही, ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने निकाली काढायचा. वापराच्या अटीचा भंग असेल तर त्या पद्धतीत मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. या निकालाचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. त्याची वाट शेवटच्या उत्तरात दिली आहे.

समोरच्या गाडीतलं कोणी जखमी असेल तर ते प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाईल. तिथे बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतात आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे चार दिवसांच्या भाड्यापायी आयुष्यभराची वसुली मागे लागू शकते. यापुढे गाडी भाड्याने द्यायचीच असेल तर परिवहन वाहन म्हणून नोंदणी, परमिट आणि त्या वापराची पॉलिसी, हे तिन्ही आधी करा.

प्रश्न : नवी गाडी घेतली आणि तशीच बांधणीसाठी वर्कशॉपला पाठवली. तात्पुरत्या नोंदणीची मुदत आता संपत आली आहे. गाडी उभीच आहे, तर चालेल ना? (एक वाचक, ठाणे)

चालणार नाही. हे पत्र वाचून मला खरंच काळजी वाटली. राजस्थानातल्या सुशील कुमार गोदारा यांची नवी गाडी जोधपूरला गेस्ट हाउसबाहेर उभी असताना चोरीला गेली. विमा चालू होता, पण तात्पुरती नोंदणी काही दिवसांपूर्वीच संपली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळणं योग्य ठरवलं. मुदत वाढवायची तरतूद कायद्यात आहे. बांधणी लांबते आहे असं वर्कशॉपचं पत्र घेऊन संपायच्या आत अर्ज द्या. वर्कशॉपच्या मालकाने ग्राहकांच्या गाड्यांसाठी स्वतःचा विमा काढला आहे का, हेही याच फेरीत विचारा.

प्रश्न : पाळोळ्याला किनाऱ्याजवळ गाडी लावली होती. काच फोडून लॅपटॉप, कॅमेरा आणि गॅसची शेगडी नेली. विमा कंपनी फक्त काचेचे सात हजार देते म्हणते. (एक वाचक, मडगाव)

कंपनी बरोबर आहे. मोटार पॉलिसी गाडीची आणि तिच्या जोडलेल्या भागांची. आत ठेवलेल्या सामानासाठी वेगळं ॲड-ऑन असतं, त्यालाही छोटी मर्यादा असते आणि लॅपटॉप, रोकड, दागिने बहुधा वगळलेले असतात. महागडा कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याने त्याचा स्वतंत्र ‘ऑल रिस्क’ विमा काढावा.

आता काचेचंही बघा. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर आहे. बोनसपूर्व हप्ता २४ हजार असेल तर आज तुम्ही १२ भरता. सात हजारांचा दावा केलात की पुढच्या वर्षी बोनस शून्य आणि हप्ता २४. त्याच्या पुढच्या वर्षी बोनस २० टक्के, म्हणजे १९ हजार २००. पन्नास टक्क्यांवर परत जायला पाच दावाविरहित वर्षं लागतात. बोनस शाबूत ठेवणारं ॲड-ऑन नसेल तर काच स्वतःच्या पैशाने बसवा. पोलिसांत तक्रार मात्र द्याच. चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा पुढे काही गैरवापर झाला तर ती कामी येते.

प्रश्न : कॅम्पर घेऊन नेपाळला जायचंय. भारतातला विमा तिथे चालतो का? (एक वाचक, नागपूर)

आपोआप चालत नाही. आयएमटी १ हे एंडॉर्समेंट घेऊन भौगोलिक क्षेत्र वाढवता येतं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान एवढ्याच देशांसाठी. निघण्याआधी घ्या आणि छापील प्रत गाडीत ठेवा.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तो मोटारीमागे ओढायचं टूरिंग कॅराव्हॅन घेतोय. तिथे विमा सक्तीचा नाही म्हणतात, मग काढावा का? (एक वाचक, नाशिक)

तिथलं मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं, विम्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. ओढायच्या कॅराव्हॅनला मात्र स्वतंत्र विम्याची सक्ती नाही. मोटारीला जोडलेलं असताना त्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते साधारणपणे मोटारीच्या पॉलिसीत येतं. पण कॅराव्हॅन स्वतः चोरीला गेलं, जळालं, उलटलं तर मोटारीची पॉलिसी सहसा काही देत नाही. म्हणून काढावाच. मुलाला दोन गोष्टी बघायला सांगा. पॉलिसी ‘नव्याला नवं’ देते की बाजारभाव, आणि हिच लॉक (जोडाचं कुलूप) व व्हील क्लॅम्पची (चाक अडकवणाऱ्या कुलपाची) अट आहे का. अट असेल आणि चोरीच्या रात्री कुलूप लावलेलं नसेल तर दावा अडकतो.

प्रश्न : आगीत आतलं सगळं जळालं. दोन महिने झाले, कंपनी रोज नवा कागद मागते. काय करू? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आधी तुमच्या बाजूचे कागद एकदाच, एका यादीसह, ईमेलने द्या : आरसी, शेड्यूल, बांधणीची बिलं, अग्निशमन दलाचा अहवाल, पंचनामा, जळण्याआधीचे आणि नंतरचे फोटो. गॅस कुठला होता हे विचारतीलच. घरगुती सिलिंडर असेल तर लपवू नका, पण नळी आणि रेग्युलेटरची बिलं असतील तर जोडा.

मग मुदती दाखवा. विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवाल आल्यापासून ७ दिवसांत निर्णय द्यायचा. सर्व्हे अहवालाची प्रत तुम्ही मागू शकता. ती मागितली की अर्धी टाळाटाळ थांबते, हा माझा अनुभव आहे.

तरीही हलले नाहीत तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तीच ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर टाका. १५५२५५ वर फोनही करता येतो. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत गेलं पाहिजे. ग्राहक आयोगाचा रस्ता दोन वर्षं खुला असतो. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. आयोगात प्रकरण असेल तर लोकपाल ते घेत नाहीत.

या काळात कंपनी कमी रक्कम देऊ करून ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागेल. पैशांची निकड असते, मी समजू शकतो. पण त्या कागदावर सही करण्याआधी ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून, निषेधासह स्वीकारत आहे’ एवढं स्वतःच्या हाताने लिहा, फोटो काढा आणि त्याच दिवशी तेच वाक्य कंपनीला ईमेलनेही पाठवा.