दोन सेशनच्या मधल्या काळात खेळाडूंनी कथेत भर घालावी यासाठी गेम मास्टरने काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण खारघरला पाच जणांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत (सेशनमध्ये) चालणारी सलग कथा, गेम मास्टर (खेळ चालवणारा) म्हणून चालवता, मंडळी ठाणे, ऐरोली आणि नेरूळहून येतात, त्यामुळे तीन आठवड्यांतून एका रविवारीच बसणे जमते. मधल्या काळात पात्राची पूर्वकथा, रोजनिशी किंवा निदान एखादी कल्पना पाठवा असे व्हॉट्सॲप ग्रुपवर वारंवार सांगूनही ‘किती वाजता भेटायचे’ यापलीकडे तिथे काही येत नाही. तेव्हा लिहिणाऱ्याला जास्तीचे एक्सपी, म्हणजे पात्राची ताकद वाढवणारे अनुभवगुण, द्यावेत, की मुळात ही अपेक्षाच सोडून द्यावी, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात, पाचपाखाडीला, बरीच वर्षे असे एक टेबल, म्हणजे खेळगट, चालवतो आहे. तिथे जे उपयोगी पडले त्याच्या आधारे हे लिहितो.

आपली अपेक्षा रास्त आहे. ती ज्या रीतीने मांडली जाते तिथे अडचण आहे. ‘सर्वांनी काहीतरी लिहून पाठवा’ हा निरोप वाचणाऱ्या प्रत्येकाला तो उरलेल्या चौघांसाठी आहे असेच वाटते. शिवाय काहीतरी म्हणजे नेमके काय, किती, आणि लिहिल्यानंतर त्याचे पुढे काय होणार, यांपैकी एकही गोष्ट त्यातून कळत नाही. महापे किंवा ऐरोलीच्या कार्यालयात दिवसभर ई-मेल लिहून दमलेल्या माणसासमोर दोन पानांच्या पूर्वकथेची मागणी आली की ती त्याला शाळेतल्या निबंधासारखी वाटते, आणि खेळावर कितीही प्रेम असले तरी निबंध कोणी हौसेने लिहीत नाही. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा की ग्रुपवर आवाहन करणे बंद करावे, एका वेळी एकाच खेळाडूला, वैयक्तिक निरोपातून, त्याच्याच पात्राविषयी एकच प्रश्न विचारावा, आणि आलेले उत्तर पुढच्याच सेशनमध्ये सर्वांसमोर वापरावे. या शेवटच्या भागावाचून आधीच्या सगळ्याचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न कसा असावा, यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण सारे यश त्यावर अवलंबून आहे. ‘तुझ्या पात्राचे बालपण कसे होते?’ हा वाईट प्रश्न आहे. त्याला शंभर उत्तरे असू शकतात आणि त्यांतल्या एकानेही पुढच्या रविवारी काही घडणार नसते. चांगल्या प्रश्नात अर्धी हकिगत गेम मास्टरने आधीच देऊन टाकलेली असते, खेळाडूने फक्त रिकामी जागा भरायची असते, आणि त्या जागेत शक्यतो एखादी व्यक्ती आणि एखादे देणे-घेणे येते. आमचे सध्याचे कॅम्पेन याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर, पण ठाण्याच्याच खाडीवर चालते: मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आहे आणि वसई पडायला १७३९ उजाडायचे आहे, असा तो मधला अनिश्चित काळ. (ज्या किल्ल्यात आमची पात्रे रात्री चोरपावलांनी शिरतात तिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, ही गोष्ट टेबलावर दरवेळी कोणीतरी काढतेच.) त्यात एका खेळाडूचे पात्र तांडेल आहे. त्या खेळाडूला मी विचारले होते, ‘ठाणे पडले त्या रात्री तुझ्या होडीतून खाडीपलीकडे कोण गेले, आणि त्याने भाडे दिले का?’ तो वाशीला नोकरी करतो. ट्रान्स-हार्बरच्या गाडीतून, रबाळे ते कोपरखैरणे एवढ्या वेळात, त्याचे उत्तर आले: एक पाद्री आणि एक लहान मुलगा होता, पाद्रीने काही दिले नाही, मुलाने अंगरख्याचे चांदीचे बटण तोडून दिले.

हे उत्तर जेमतेम तीन ओळींचे होते. पण पुढच्या बैठकीत वसईहून तहाची बोलणी करायला आलेल्या अधिकाऱ्याच्या अंगरख्यावर नेमकी तशीच बटणे होती आणि त्यांतले एक नव्हते, एवढे मी वर्णनात सांगितले. बाकीच्यांना यात काही विशेष वाटले नाही. तांडेल मात्र ताडकन सरळ बसला आणि मग त्याने ती हकिगत सर्वांना स्वतःच्या शब्दांत सांगितली. त्या दिवशी घरी जाता जाता आणखी दोघांनी ‘मलाही असा प्रश्न पाठव’ असे सांगितले. आवाहनाने जे होत नाही ते असे होते: एकाच्या लिहिण्याने कथा हलली हे दुसऱ्याने डोळ्यांनी पाहावे लागते. त्यामुळे सुरुवात करताना पाचही जणांकडून एकदम उत्तरे मिळवण्याच्या मागे लागू नये. ज्याचे उत्तर येण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे अशा एकाला निवडावे, आणि त्याची भर टेबलावर ठसठशीतपणे दिसेल याची काळजी घ्यावी. उत्तर आल्यावर एका दिवसाच्या आत ‘हे मी वापरणार आहे’ एवढा निरोप द्यावा. लांबलचक कौतुक करू नये, कारण त्याने पुढच्या उत्तराची पातळी उगाच वर जाते आणि माणूस लिहायला कचरतो.

काही खेळाडूंना व्यक्ती आणि नातेसंबंध सुचत नाहीत, पण निर्णय घ्यायला आवडतात. अशांसाठी नियमांतच सोय आहे आणि ती बहुतेक टेबलांवर पडून राहते. कॅम्पेनमध्ये काळाची काटेकोर नोंद ठेवण्याचा आग्रह या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात धरला होता. आज तेवढा काटेकोरपणा कोणी पाळत नाही. तरी दोन सेशनच्या मध्ये खेळातल्या जगात किती दिवस गेले हे ठरवून जाहीर केले, तर ‘त्या दिवसांत तुझ्या पात्राने काय केले?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. २०१४च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकात डाउनटाइमसाठी, म्हणजे मोहिमांच्या मधल्या दिवसांसाठी, वस्तू बनवणे, व्यवसाय करणे, दुखण्यातून बरे होणे, संशोधन आणि प्रशिक्षण असे पर्याय दिलेले आहेत. नवी भाषा शिकायची तर २५० दिवस आणि रोज एक सोन्याचे नाणे, असा हिशेब आहे. २०१७च्या झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग या पुस्तकाने हे पर्याय वाढवले आणि त्यांत अडचणी व शत्रू यांची भर घातली, जी मला मूळ नियमांपेक्षा जास्त उपयोगी वाटते, कारण ‘तू दहा दिवस संशोधन केलेस’ यापेक्षा ‘संशोधन करताना एका प्रतिष्ठित माणसाचा तुझ्यावर राग झाला, तो का, ते तू सांग’ यातून कथा निघते. आपण २०२४ची पुस्तके वापरत असाल आणि पात्रे पाचव्या पातळीला पोहोचली असतील, तर बॅस्टियनचे नियमही आहेत: पात्राचा स्वतःचा तळ असतो आणि खेळातल्या दर सात दिवसांनी तिथे कोणता हुकूम द्यायचा हे खेळाडूने ठरवायचे असते. हा निर्णय निरोपावर सहज देता येतो. ब्लेड्स इन द डार्क या अशाच दुसऱ्या खेळात तर प्रत्येक मोहिमेनंतर डाउनटाइमची स्वतंत्र पायरीच आहे आणि प्रत्येक पात्राला त्यात दोन कामे करता येतात. ती कल्पना उचलून आपल्या कॅम्पेनला लावायला काहीच हरकत नाही.

आता सेशनच्या नोंदींविषयी. रोजनिशी प्रत्येकाने लिहावी ही मागणी आपण सोडून द्यावी असेच मी म्हणेन. एका सेशनची एकच नोंद असावी, ती पाळीपाळीने लिहावी, आणि लिहिणाऱ्याने ती आपल्या पात्राच्या तोंडून, त्याच्या सगळ्या पूर्वग्रहांसह लिहावी. पात्राने मागच्या लढाईत स्वतःची बढाई मारली तर ती तशीच राहू द्यावी, म्हणजे बाकीचे ग्रुपवर भांडायला येतात आणि तेही एक योगदानच असते. देवनागरीत टाइप करण्याचा अनेकांना कंटाळा असतो, म्हणून व्हॉइस मेसेज, रोमन लिपी, वहीच्या पानाचा फोटो, सगळे चालेल हे स्पष्ट सांगावे. ज्याला लिहायचेच नाही त्याच्याकडे नकाशा सोपवावा. बेन रॉबिन्स यांच्या वेस्ट मार्चेस या कॅम्पेनमध्ये कधी खेळायचे आणि कुठे जायचे हे खेळाडूच ठरवत, प्रत्येक वेळी टेबलावर वेगळी मंडळी असत, आणि सर्वांसाठी मिळून एकच नकाशा होता, तो पात्रांनी खानावळीच्या टेबलावर कोरलेला आहे असे मानलेले होते. तो अचूक असेलच याची हमी नव्हती. तरीही पुढच्या तुकडीला त्याच्यावरच विसंबून निघावे लागे. नोंद आणि नकाशा गेम मास्टरला खूश करण्यासाठी नसून दुसऱ्या खेळाडूला त्याची गरज आहे, अशी स्थिती आली की पाठपुरावा करावा लागत नाही. आपल्याकडे हे साधायचा सोपा मार्ग असा की मागच्या सेशनचा सारांश आपण सांगणे थांबवावे. ‘त्या सरदाराचे नाव काय होते?’ असे कोणी विचारले तर नोंदीकडे बोट दाखवावे. नोंदीत नसेल तर ते नाव पात्रांनाही आठवत नाही.

एक्सपीविषयी माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. लिहिण्याबद्दल बक्षीस देण्याची प्रथा जुनी आहे. एरिक वुजसिक यांच्या १९९१च्या अँबर डाइसलेस या खेळात रोजनिशी किंवा चित्रे देण्याचे कबूल करणाऱ्या खेळाडूला पात्र घडवण्यासाठी जास्तीचे गुण मिळत. पण तिथे ते गुण सुरुवातीलाच ठरत आणि सर्वांना सारखे खुले असत. आपल्या कॅम्पेनमध्ये दर तीन आठवड्यांनी एक्सपी वाटले, तर कॉलेजात शिकणारा खेळाडू हळूहळू पुढे जाणार आणि घरी लहान मूल असलेली किंवा शिफ्टमध्ये काम करणारी व्यक्ती मागे पडणार. म्हणजे खेळातली ताकद फुरसतीवर ठरणार. असा फरक एकदा पडला की तो भरून काढणे कठीण असते आणि मागे पडलेला माणूस तक्रार न करता येणे कमी करतो. काही द्यायचेच असेल तर इन्स्पिरेशन द्यावे. २०१४च्या नियमांत ते एका वेळी एकच बाळगता येते, त्यामुळे साठा होत नाही. वापरताना वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. आणि ते दुसऱ्या खेळाडूला देऊनही टाकता येते. शेवटची सोय मला फार आवडते, कारण नेरूळच्या खेळाडूने लिहिलेल्या नोंदीचा फायदा ऐन लढाईत ऐरोलीच्या खेळाडूला झाला की बक्षीस सगळ्या टेबलाचे होते.

काही मर्यादा आधीच बोलून ठेवाव्यात. आलेली प्रत्येक भर जशीच्या तशी खरी ठरणार नाही. जगाशी विसंगत असेल तर आपण ‘हे खरे, पण पात्राला ठाऊक नसलेला एक भाग आहे’ असे म्हणून ती वळवाल, आणि दुसऱ्याच्या पात्राचा भूतकाळ किंवा नाते त्याच्या संमतीशिवाय कोणी ठरवणार नाही. खेळातल्या गोष्टींसाठी वेगळा ग्रुप करावा, नाहीतर चांगल्या ओळी ‘हार्बरला मेगाब्लॉक आहे का’ या चर्चेखाली गाडल्या जातात. स्वतःवरही मर्यादा घालावी: आठवड्याला एक किंवा दोन खेळाडूंना प्रश्न पुरेत, कारण आलेल्या प्रत्येक उत्तराला टेबलावर जागा देणे हे आपले देणे होऊन बसते. आणि एखादा खेळाडू केवळ रविवारीच खेळू इच्छितो, मधल्या दिवसांत त्याला खेळाचा विचारही करायचा नसतो. अशा खेळाडूवर दबाव आणू नये. फासे हातात आले की तोच टेबलावर सर्वांत जास्त रंगतो, असेही पुष्कळदा दिसते.

आपण लिहिले आहे की मागच्या सेशनच्या शेवटी सर्वांचे जहाज बंदरावर जप्त झाले. ही जागा उत्तम आहे. पुढचे सेशन दहा दिवसांवर आले की आपल्या चोर पात्राच्या खेळाडूला एवढेच पाठवावे: ‘जप्ती करणाऱ्या कारकुनाला तू ओळखतोस. मागच्या वेळी तुम्ही भेटलात तेव्हा तू त्याला कोणत्या नावाने ओळख दिली होतीस, आणि त्याचे काय घेऊन पळालास?’ चार-पाच दिवसांत उत्तर आले नाही तर ग्रुपवर आठवण करू नये आणि वैयक्तिकही एकदाच करावी. तरीही आले नाही, तर रविवारी सेशन सुरू करताना कारकुनाला त्या पात्राकडे रोखून पाहायला लावावे आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, सर्वांसमोर तोंडी विचारावा.