विचारा, सांगते : बैलगाडी खोक्यात बसवायची कशी?

प्रश्न : ताई, आमचं गाव किनवट तालुक्यात. वडिलांची सुतारकी, पण ट्रॅक्टर आल्यापासून वखर-तिफणीचं काम राहिलं नाही. मी घरीच सागाची शोभेची बैलगाडी, चिपळ्या, चौरंग बनवतो. एका साइटवर माल टाकायला गेलो तर जीएसटी नंबर मागितला. दुसरीकडे ओळखीच्याच्या खात्यावरून गाडी विकली, तर कुरिअरचे पैसे कापून हाती काही उरलं नाही. जीएसटी काढू का? आणि गाडीला भाव काय लावू?
– एक वाचक, किनवट

उत्तर : भाऊ, जीएसटीचं आधी उरकून टाकते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदललाय, तरी लोक अजून जुनंच सांगत बसतात. तुम्ही वस्तू विकता, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे आणि माल फक्त महाराष्ट्रातच विकायचा आहे, तर ऑनलाइन बाजारातसुद्धा नोंदणीची सक्ती नाही. पॅनकार्डावर जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर काढायचा आणि विक्रेत्याच्या फॉर्ममध्ये तोच भरायचा. रिटर्न भरायची भानगड नाही. प्रत्येक साइट त्या नंबरावर खातं उघडून देईलच असं नाही, तेवढं आधी विचारून घ्या. अट मात्र कडक आहे : राज्याबाहेर एकही नग जाता कामा नये. आदिलाबाद तुम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, पण ते तेलंगणात. तिथं पार्सल गेलं की सवलत संपली.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला महाराष्ट्र भरपूर झाला. चिपळ्यांना गिऱ्हाईक आषाढीच्या आधी असतं, तेव्हा वैशाखातच फोटो चढवा. आणि नागपूर-भंडाऱ्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरं लाकडी नंदी सजवून मिरवतात. आपल्याकडे मातीचे बैल पुजतात म्हणून आपल्या सुतारांना हे सुचत नाही. तोही महाराष्ट्रच की!

आता गाडी. पैसे कुठं गेले ते मी तुमचं खोकं न बघता सांगते. कुरिअरवाला नुसतं वजन धरत नाही, जागाही धरतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि ५००० नं भागा. येईल तेवढे किलो. हे आणि काट्यावरचं वजन, यात जे जास्त त्याचे पैसे लागतात. बहुतेक कुरिअर कंपन्यांचा हाच हिशेब. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं म्हणजे ३०,००० भागिले ५०००, झाले ६ किलो. आत गाडी आहे किलोभराची. पाच किलो हवेचं भाडं तुम्ही भरलंत.

तेव्हा गाडी सुटी करा. चाकं कण्यावर डिंकानं चिकटवू नका, लाकडी खुंटीवर बसवा. जू आणि दांड्या वेगळ्या ठेवा. चाकं आडवी, त्यावर कागद, वर साटा म्हणजे गाडीची बसायची चौकट, कडेला जू. ३२ बाय २२ बाय १० च्या खोक्यात गाडी बसली तर तोच हिशेब १.४ किलोवर येतो. शिवाय चाकाचे आरे मोडण्याची भीती कमी. सोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी टाका, खुंटी कुठं ठोकायची ते. लोकांना जोडायला आवडतं, घरातली पोरं तर भांडतात त्यावरून. चौरंग मात्र ऑनलाइन पाठवू नका. पाय सुटे केले तरी फळी कमी होत नाही, आणि कोपरा चेपला की परत आलाच. चौरंग गावातल्या लग्नाकार्याला विका.

भावाचा हिशेब अनेकजण उलटा करतात. समजा लाकूड, मजुरी, खोकं धरून तुमच्या हातात ४०० रुपये पडायला हवेत आणि साइटचे सगळे मिळून विक्रीच्या २० टक्के कापले जातात. माणूस ४०० वर २० टक्के चढवतो आणि ४८० लावतो. पण कापणी ४८० वर होते, हातात येतात ३८४. ४०० ला ०.८ नं भागायचं, म्हणजे ५००. यावर परत येणाऱ्या मालाची झळ वेगळी धरा. कॅश ऑन डिलिव्हरीत गिऱ्हाईक दारातून पार्सल परत पाठवतं, जाण्यायेण्याचा भुर्दंड तुमच्यावर पडू शकतो. ते कोण सोसणार, हे खातं उघडतानाच वाचा. आणि मजुरी लिहा हो! ‘घरचंच काम आहे’ म्हणून वडिलांचा दिवस फुकट धरायचा, ही आपल्याकडची जुनी खोड.

एक सांभाळा. लेकरांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराला त्यातून सूट मिळते, म्हणून ‘पहचान’ हे कारागीर ओळखपत्र काढाच. नंदी विकायचे असतील तर ते आधी. गाडी शोभेची असेल तर तसंच लिहा आणि फोटोत ती कपाटावर दिसू द्या, पोराच्या हातात नको. साग परवाना असलेल्या वखारीतूनच घ्या, पावती जपा. आणि पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत : हत्यारांसाठी १५,००० रुपये, पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, व्याज ५ टक्के. घरातल्या एकालाच मिळतं, तेव्हा वडील की तुम्ही, हे बसून ठरवा.

प्रश्न : मी कडुनिंबाची लाटणी आणि डाव विकते. पावसाळ्यात पुण्याहून दोन-तीन पार्सलं परत आली, ‘बुरशी आहे, चिकट लागतं’ म्हणून. मी तर तेल लावून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पाठवलं होतं.
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, घट्ट गुंडाळलं तिथंच घात झाला. लाकडात ओल शिल्लक होती, प्लास्टिकमध्ये ती कोंडली. लाटणं वाळलं की नाही हे हाताला कळत नाही. किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा, वजन लिहा, दोन दिवसांनी पुन्हा ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. पॅक करताना आधी कागद, प्लास्टिक नुसतं बाहेरून.

चिकटपणा तेलाचा. शेंगदाण्याचं तेल लाकडावर कधी वाळतच नाही, वर बसतं, खवट होतं. आपल्या जवसाचं वाळतं. घाण्याचं कच्चं जवस तेल घ्या. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ स्वयंपाकाच्या वस्तूला नको, त्यात लवकर वाळायची रसायनं असतात. अगदी पातळ हात फिरवा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, आठवडाभर तरी हवेशीर ठेवा.

पण ज्या फडक्यानं पुसलं ते बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही. भुसा शेजारी असतो, त्यात आपला उन्हाळा. फडकं दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : भाचा अमेरिकेत आहे, तिथं शिसवाचे डबे विकायचे म्हणतो. पाठवू का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : भेट म्हणून एखादा वेगळा, विक्रीला आयात-निर्यात कोड काढावा लागेल. शिवाय शिसव २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, त्याला लाकूड कायदेशीर असल्याचं प्रमाणपत्र लागू शकतं. भाच्याला म्हणावं, आधी सागाचे डबे विकून दाखव.