अंगावरून पाणी जाते, म्हणून पिशवी काढायची का?

प्रश्न : ताई, माझे वय ३१. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. दोन मुले आहेत, धाकट्याच्या वेळेनंतर तांबी बसवून घेतली. गेल्या दिवाळीपासून अंगावरून पातळ, राखाडी-पांढरे पाणी जाते आणि त्याला मासोळीसारखा वास येतो. खाज फारशी नाही. पाळीच्या दिवसांत आणि संबंधानंतर वास जास्त येतो. कापूस वेचताना दुसऱ्या बायकांच्या जवळ बसायची लाज वाटते. रोज जंतुनाशक टाकलेल्या पाण्याने आतपर्यंत धुते, कधी तुरटीच्या पाण्याने. मेडिकलमधून तीनदा गोळ्या आणल्या. थोडे दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, “तुले उष्णता झाली, आंबट नोको खाऊ.” नवरा विचारतो, हा रोग कुठून आणला. ते मध्ये काही महिने पुण्याला कामाला होते, त्यामुळे मलाही त्यांचाच संशय येतो. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात आतून न तपासताच “पिशवी काढून टाका” असे सांगितले. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात शेवटी आलेल्या गोष्टीचे उत्तर मी सर्वांत आधी देते, कारण उशीर झाल्यास तीच सर्वांत महागात पडेल. तुम्ही लिहिलेल्या तक्रारीसाठी गर्भपिशवी काढण्याची गरज नसते. हे पाणी पिशवीतून नव्हे, योनिमार्गातून येते, आणि पिशवी काढली तरी योनिमार्ग जिथल्या तिथेच राहतो. म्हणजे ऑपरेशनचा खर्च होईल, महिना-दोन महिने मजुरी बुडेल, आणि वास पुन्हा येण्याची शक्यता तशीच उरेल. ज्यांनी आतून तपासणी केली नाही, पाण्याचा नमुना घेतला नाही, त्यांच्या तोंडून आलेल्या ऑपरेशनच्या सल्ल्याला मी सल्ला मानत नाही. अशा ठिकाणी पुन्हा जाऊ नका.

पत्रावरून निदान करता येत नाही, हे खरे. पण तुम्ही जे वर्णन केले आहे, म्हणजे पातळ राखाडी पाणी, मासोळीसारखा वास, संबंधानंतर आणि पाळीच्या सुमारास तो वाढणे, खाज नसणे किंवा अगदी कमी असणे, ते सारे बॅक्टेरियल व्हजायनोसिस या आजाराशी चांगलेच जुळते. बुरशीचा संसर्ग असता तर पाणी दह्याच्या कवडीसारखे घट्ट गेले असते आणि खाजेने तुम्ही हैराण झाला असता. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीमुळे होणाऱ्या संसर्गात पाणी बहुधा पिवळे-हिरवे, फेसाळ असते. मात्र हे तिन्ही आजार एकमेकांत मिसळूनही असू शकतात, म्हणून माझ्या अंदाजावर थांबू नका.

आता हा आजार होतो कसा, ते नीट समजून घ्या, कारण घरातले निम्मे भांडण या न समजण्यातून आलेले आहे. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू मोठ्या संख्येने वस्तीला असतात. योनीच्या आतील अस्तरात साठलेल्या साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका, म्हणजे बऱ्यापैकी आंबट, राखतात. या आंबटपणात इतर जंतूंना वाढता येत नाही. काही कारणाने लॅक्टोबॅसिलस कमी झाले की गार्डनेरेला आणि प्राणवायूशिवाय जगणारे इतर जिवाणू पसरतात, पीएच ४.५ च्या वर जातो, म्हणजे आंबटपणा कमी होतो, आणि हे जिवाणू जी नत्रयुक्त द्रव्ये सोडतात त्यांचा तो वास असतो. पीक विरळ झाले की तण माजते, तसेच हे आहे. बाहेरून एखादा नवा जंतू येऊन बसलाच पाहिजे असे नाही. मुळातला समतोल बिघडणे हाच आजार आहे. वीर्य आणि पाळीचे रक्त हे दोन्ही आम्लाच्या विरुद्ध गुणाचे असल्यामुळे त्या त्या वेळी वास वाढतो, तुमच्या शरीराची घाण त्या दिवशी वाढते म्हणून नव्हे.

यावरून सासूबाईंच्या आंबटाचेही उत्तर मिळते. चिंच, कैरी, ताक यांचा या पाण्याशी संबंध नाही. योनिमार्गातला आंबटपणा जेवणातून येत नाही, आणि तो तिथे असणे चांगलेच असते. सासूबाईंशी वाद घालू नका, पण तुमच्या पानातले लोणचेही सोडू नका.

तुमच्या पत्रातली जी गोष्ट वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटले, ती म्हणजे रोजचे आतून धुणे. वास येतो म्हणून तुम्ही धुता. धुण्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलस वाहून जातात किंवा जंतुनाशकाने मरतात. त्यामुळे वास वाढतो आणि तुम्ही आणखी जोराने धुता. आतून पाणी घेऊन धुण्याच्या सवयीचा आणि या आजाराचा संबंध अनेक अभ्यासांत दिसून आलेला आहे. तेव्हा आजपासून जंतुनाशक, तुरटी, साबण, लिंबू, बाजारातले सुगंधी ‘वॉश’, यांपैकी काहीही आत जाऊ देऊ नका. बाहेरचा भाग दिवसातून एकदा-दोनदा साध्या पाण्याने धुतला तरी पुरे. योनिमार्ग आतून स्वतःला स्वच्छ ठेवतो, त्याला तुमच्या बोटांची मदत लागत नाही. पाळीला कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन, खाटेखाली किंवा साडीआड लपवून न ठेवता, उन्हात कडक वाळवा. ओडिशातील स्त्रियांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुन्हा पुन्हा वापरायचे कापड वापरणाऱ्यांमध्ये अशा तक्रारी जास्त आढळल्या होत्या. मात्र वेचणीच्या हंगामात दिवसभर शेतात असताना कापड बदलायला आडोसा नसतो, हे मला ठाऊक आहे, आणि तो दोष तुमचा नाही.

तांबीबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. तांबी असलेल्या काही स्त्रियांत हा आजार अधिक दिसतो, विशेषतः ज्यांची पाळी त्यानंतर लांबते किंवा मधूनमधून रक्त जाते त्यांच्यात. म्हणून तांबी लगेच काढून टाका असे मी म्हणणार नाही. नको असलेल्या गर्भापासून ती तुम्हाला सांभाळते आहे. तपासणीच्या वेळी ती आहे हे आवर्जून सांगा, आणि उपचारानंतरही त्रास वारंवार परत येत असेल तर दुसऱ्या साधनाचा विचार डॉक्टरांसोबत करा.

आता सर्वांत अवघड प्रश्न : रोग कोणी आणला? ताई, याचे खरे उत्तर असे आहे की या आजारावरून कोणाचेही चारित्र्य ठरवता येत नाही. शरीरसंबंध कधीच आला नसेल अशा स्त्रियांत तो क्वचितच दिसतो, आणि नवा जोडीदार, एकाहून अधिक जोडीदार, निरोधाशिवाय संबंध, यांत त्याची शक्यता वाढते. एवढा भाग खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण एकमेकांशिवाय कोणाशीही संबंध नसलेल्या नवरा-बायकोतही हा आजार होतो आणि पुन्हा पुन्हा होतो, कारण नुसत्या वीर्यानेही तो समतोल हलू शकतो, आणि हे जिवाणू पुरुषाच्या लिंगाच्या त्वचेवर कसलाही त्रास न देता राहू शकतात. त्यामुळे “तुला झाला म्हणजे तू कुठेतरी गेलीस” हे जितके खोटे, तितकेच “मला झाला म्हणजे तुम्ही पुण्यात काहीतरी केले” हेही पुराव्याशिवायचे आहे. त्यांच्या पुण्यातल्या वागण्याबद्दल तुमच्या मनात दुसऱ्या काही कारणाने शंका असेल, तर ती वेगळी विचारा. तिच्यासाठी या पाण्याला साक्षीदार करू नका. तरी एक काळजी घ्यावी : हा आजार अंगात असताना एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्ग पटकन लागू शकतात, म्हणून दोघांनी एकत्र जाऊन एचआयव्ही व सिफिलिसची रक्त तपासणी करून घेतलेली बरी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते आणि गुप्त राहते.

नवऱ्यांना सोबत नेण्याचे आणखी एक कारण आहे. आजवर पुरुषाला औषध देण्याची गरज नाही असेच डॉक्टर सांगत आले, कारण जुन्या अभ्यासांत नुसत्या गोळ्यांचा फायदा दिसला नव्हता. पण २०२५ साली ऑस्ट्रेलियातील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १६४ जोडप्यांचा समावेश होता. ज्या जोडप्यांत पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगाला लावायचे क्लिंडामायसिनचे मलम दिले, त्यांतल्या ३५ टक्के स्त्रियांना बारा आठवड्यांत त्रास परत झाला. जिथे फक्त स्त्रीवर उपचार झाले, तिथे हेच प्रमाण ६३ टक्के होते. तुमचा त्रास वरचेवर परत येतो आहे, म्हणून हा विषय तुम्ही स्वतःहून डॉक्टरांपुढे काढा. घरी सांगताना “तुमच्यामुळे झाले” असे न म्हणता “दोघांनी औषध घेतले तर परत होण्याची शक्यता कमी होते” असे म्हटले, तर मालकांना ऐकून घेणे सोपे जाईल. गोळ्या चालू असताना दारू टाळायला सांगतात, हेही त्यांना तेव्हाच सांगून ठेवा.

मेडिकलमधल्या गोळ्यांनी तुम्हाला पूर्ण गुण का आला नाही, याचा अंदाज करता येतो. दुकानातून मिळणारी गोळी पुष्कळदा बुरशीवरची असते, ती या जिवाणूंवर चालत नाही. किंवा गोळी बरोबर असते, पण दोन दिवसांत वास गेला म्हणून उरलेली पट्टी डब्यात ठेवली जाते. या आजारावरचे नेहमीचे औषध मेट्रोनिडॅझोल आहे आणि ते बहुधा दिवसातून दोनदा, पूर्ण सात दिवस घ्यायचे असते. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, म्हणून जेवणानंतर घ्यावे. गोळ्या पूर्ण करूनही वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा त्रास पुन्हा होतो. तसे झाले तर तुमचे काही चुकले असे समजू नका. वारंवार होणाऱ्या त्रासावर काही महिने, आठवड्यातून दोनदा आत लावायच्या जेलचा उपचारही असतो.

कुठे जायचे? गावातल्या आशाताईला विश्वासात घ्या आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात महिला डॉक्टर कोणत्या वारी असतात ते तिच्याकडून विचारून ठेवा. तिथे स्पेक्युलम नावाचे साधन घालून आतली तपासणी होईल; जमल्यास एका कागदाच्या पट्टीने पीएच पाहतील, पाण्यावर औषधाचा थेंब टाकून वास पाहतील आणि काचेवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. दोन मिनिटांचे काम आहे, दुखत नाही. जिथे ही सोय नसते तिथे लक्षणांवरून ठरलेले, हिरव्या रंगाचे किट देण्याची सरकारी पद्धत आहे; त्यात जिवाणूंवरची सेक्निडाझोल आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोल अशी दोन्ही औषधे असतात. जाण्याआधी दोन दिवस आत काही घालू नका, संबंध टाळा, आणि पाळी चालू असताना जाऊ नका, म्हणजे नमुना चांगला मिळतो.

डॉक्टरांसमोर बसल्यावर लाज वाटेल, हे मी गृहीत धरते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. वेचणीच्या रांगेत ज्यांच्या शेजारी बसायला तुम्हाला लाज वाटते, त्यांच्यापैकी कित्येकींना हेच होत असेल आणि त्याही तुमच्यासारख्याच गप्प असतील.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नका : ओटीपोटात सतत दुखणे आणि ताप, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, जखम किंवा फोड, किंवा पाळी चुकलेली असणे. गरोदरपणात या आजाराचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा संबंध आढळलेला आहे, म्हणून तेव्हा तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. तुमचे वय तिशीच्या पुढचे आहे, तेव्हा आतून तपासणी होणारच आहे तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची व्हीआयए चाचणीही मागून घ्या. सरकारी कार्यक्रमात ती ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी, दर पाच वर्षांनी, मोफत आहे. तपासणीचा कागद जपून ठेवा, आणि पुढे कोणीही पुन्हा पिशवी काढायला सांगितले तर तो पुढे करून विचारा की यात असे काय दिसते, ज्यासाठी ऑपरेशन हवे.