नाक दाबायला एवढ्या लांब कशाला?

तुमचा प्रश्न असा की, मी प्राणायामाचे वर्ग घेतो, परदेशातल्या ब्रेथवर्क (तिकडच्या श्वासाच्या पद्धती) परिषदेला जाऊ का, पैसे वसूल होतात का. पैसे वसूल होत नाहीत. 2019 मध्ये माझे तिकीट, व्हिसा, शुल्क धरून दोन लाखांच्या वर गेले आणि परत आल्यावर क्लासची फी एक रुपयानेही वाढवता आली नाही. तरी जा.

मी निघाले तेव्हा आमचे मोठे भाऊजी म्हणाले, "नाक दाबायला एवढ्या लांब कशाला? सगळं आपलंच आहे, त्यांनी उचललंय." खरं सांगायचं तर चौदा वर्षं शिकवून मलाही मनातून तसंच वाटत होतं.

नेदरलँड्समध्ये दुसऱ्याच दिवशी होलोट्रॉपिक नावाच्या ब्रेथवर्कचं सत्र होतं. हा प्रकार मानसोपचारतज्ज्ञ स्टानिस्लाव ग्रोफ आणि त्यांच्या पत्नीचा. भास घडवणाऱ्या एलएसडी या औषधावर बंदी आली, तेव्हा औषधाशिवाय तशा अवस्थेत जायची वाट त्यांनी शोधली. डोळ्यांवर पट्टी, कानठळ्या बसवणारं संगीत आणि न थांबता जोरजोरात श्वास. एक जण श्वास घेणार, दुसरा शेजारी बसून त्याला सांभाळणार. माझ्याशेजारी साठीचे एक जर्मन गृहस्थ टिश्यूचा खोका मांडीवर घेऊन बसले. आपण भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरात श्वास, करणारी माणसं, आपल्याला काय होतंय, म्हणून मी आडवी झाले.

वीसेक मिनिटांत ओठांभोवती मुंग्या आल्या. मग घास भरवताना जुळवतो तशी दोन्ही हातांची पाची बोटं जुळून आखडली. उघडायला जावं तर उघडेनात. त्या गृहस्थांनी माझी मूठ आपल्या तळहातावर नुसती धरून ठेवली, एक शब्द बोलले नाहीत. शेवटी सगळ्यांना मंडल, म्हणजे गोलातलं चित्र, काढायला कागद आणि खडू दिले. माझ्या हातून ठिपक्यांची रांगोळी निघाली. सत्र घेणाऱ्या बाईंनी अर्थ विचारला. म्हटलं, शुक्रवारची आहे.

बोटं वळण्यात गूढ काही नाही. असा श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि स्नायू आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं. आणि दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरचा वक्ता सांगतोय, यामुळे मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो! मी उठून म्हटलं, निरोगी माणसाच्या रक्ताची ऑक्सिजन धरायची क्षमता आधीच 97-98 टक्के भरलेली असते, वर आणखी कुठे भरणार? त्याने आभार मानले आणि स्लाइड पुढे सरकवली.

घरी आले तर भाऊजी टीव्हीसमोर पाचशे कपालभाती मारत हेच जास्त ऑक्सिजनचं वाक्य बोलत होते. कपालभाती मुळात प्राणायामच नाही, हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत, येते. प्राणायामात जास्त ऑक्सिजन मिळतो हा समजही चुकीचा, हे योगाचे संशोधक स्वामी कुवलयानंदांनी कधीच मांडून ठेवलंय. त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली 1924 साली. सगळं आपलंच आहे ना, मग वाचा की! आणि होलोट्रॉपिक आपल्याकडून उचललेलं म्हणावं, तर आपण शिकवतो श्वास लांबवायला आणि थांबवायला, तिथे थांबायलाच मनाई. दोन्हींत नाक सोडून फारसं काही सारखं नाही. हे मला आखडलेल्या बोटांनी कळलं, भाऊजींना सांगूनही कळत नाही.

तुम्ही मात्र भाषणांपेक्षा प्रत्यक्ष सत्रांना बसा, आणि एकदा तरी दुसऱ्याला सांभाळायला बसा. शिक्षकाला त्यातच जास्त दिसतं. तिथल्या प्रमाणपत्राला आपल्याकडे कुणी विचारत नाही.

हो, एक राहिलंच. रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, काचबिंदू, गरोदरपण, मानसिक आजार, यातलं काही असेल तर अशा जोरकस सत्रांत उतरू नका. नोंदणीच्या अर्जात याबद्दल एकही प्रश्न नसेल तर पैसेच भरू नका. माझ्या अर्जात फक्त शाकाहारी की व्हेगन, एवढंच विचारलं होतं.