टॉवेल पाणी टिपतच नाही, ताई!

मागच्या अंकात मशीनमधल्या धुण्यावर चार ओळी लिहिल्या आणि म्हटलं आता विषय संपला, तर कसलं काय, टपालात निम्म्याहून जास्त प्रश्न टॉवेलचेच. शर्टाबद्दल कुणाची तक्रार नाही, चादरीबद्दल नाही, सगळा राग बिचाऱ्या टॉवेलवर. मग या वेळी फक्त तेच घेऊ.

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी चांगले जाड टॉवेल घेतले, तेव्हा इतके मऊ होते की काय सांगू. आता अंग पुसलं की पाणी टिपायचं सोडून अंगावरच पसरवतात. मी दर वेळी सॉफ्टनर घालते, डिटर्जंटही दीड माप टाकते, कंजुषी अजिबात नाही. तरी असं का व्हावं?

उत्तर : अहो, कंजुषी केली असती तर टॉवेल वाचले असते! रागावू नका, मी स्वतः कित्येक वर्षं हेच केलंय, वर अजून अर्धं झाकण "वासासाठी" म्हणून.

आधी एक करून बघा. कोरडा टॉवेल टेबलावर पसरा आणि बोटाने पाण्याचा एक थेंब वर सोडा. थेंब लगेच आत गेला तर टॉवेल ठीक आहे. मोत्यासारखा वरच बसून राहिला, टॉवेल हलवला की इकडून तिकडे घरंगळला, तर समजायचं की धाग्यावर थर बसलाय. तो थर सॉफ्टनरचा. सॉफ्टनरमधली रसायनं धन प्रभाराची असतात आणि पाण्यात कापसाच्या धाग्यावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ती धाग्याला चिकटून बसतात, स्निग्ध असतात म्हणून हाताला मऊ लागतं, पण तोच स्निग्धपणा पाण्याला आत येऊ देत नाही. टर्किश टॉवेलवर ते बारीक बारीक लूप असतात ना, ते पाणी धरायलाच असतात, आणि आपण त्यांनाच रेनकोट घालतो.

दुसरं म्हणजे डिटर्जंट. जास्त टाकलं की जास्त स्वच्छ होत नाही, फेस वाढतो, आणि फेस म्हणजे कपड्यांमधली गादी, कपडे एकमेकांवर घासलेच जात नाहीत, शिवाय फ्रंट लोडमध्ये पाणी कमी असतं त्यामुळे एवढा साबण खळबळून निघत पण नाही. पाणी क्षाराचं असेल तर साबण आणि क्षार मिळून अजून एक पुट.

उपाय सोपा आहे. टॉवेल मशीनमध्ये टाका, ६० अंशाचं पाणी लावा (लेबलवर परवानगी असेल तर, टबच्या चित्रात आकडा असतो, किंवा टिंबं असतात, चार टिंबं म्हणजे ६०), डिटर्जंट शून्य, सॉफ्टनर शून्य. आणि मग काचेच्या दारातून बघत बसा. काहीही न टाकता फेस येतो! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्वयंपाकघरातून सगळ्यांना हाका मारून दाखवलं होतं, घरात कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही ते सोडा. फेस येणं थांबेपर्यंत असं एक-दोनदा करा, मग पुढच्या धुण्याला नेहमीच्या निम्मं डिटर्जंट आणि एक्स्ट्रा रिन्स. सॉफ्टनरचा थर हट्टी असतो, जायला दोन-तीन धुणी लागतील, धीर धरा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात सॉफ्टनरच्या जागी व्हिनेगर घाल, जाऊबाई म्हणतात खायचा सोडा घाल, मी दोन्ही एकत्र घातलं. बरोबर केलं ना?

उत्तर : घरात भांडण झालं नाही एवढं बरोबर केलं. बाकी आम्ल आणि सोडा एकत्र आले की फसफसतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते जवळजवळ खारं पाणी, म्हणजे दोघींनी एकमेकींना रद्द केलं. क्षाराचं पुट काढायला साधं पांढरं व्हिनेगर चालतं, अर्धा कप, शेवटच्या रिन्सला, सॉफ्टनरच्या कप्प्यातून. पण कधीतरी, दर धुण्याला नको, आम्लाने मशीनची रबरं हळूहळू खराब होतात. आणि हे मात्र नीट वाचा : व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच एकाच धुण्यात कधीही, कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे. यात गंमत नाही.

प्रश्न : टॉवेल धुऊन वाळला की छान वास येतो, पण अंघोळीनंतर ओला झाला की दोन मिनिटांत कुबट. ऊन पण देते भरपूर. मशीनचा दोष आहे का?

उत्तर : थोडा मशीनचा, जास्त जिवाणूंचा. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी हा ओल्या कपड्यांचा कुबट वास कुठून येतो ते शोधलं, तर मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू निघाला. धुऊन पण कपड्यात जो घाम आणि त्वचेचं तेल उरतं त्यावर हा जगतो आणि त्यातून ते वासाचं आम्ल तयार होतं. बरं हा इतका चिवट की कोरडं पडणं सोसतो, अतिनील किरणं पण बऱ्यापैकी सोसतो, म्हणून नुसत्या उन्हाने तुमचं काम होत नाहीये. वाळला की गप्प बसतो, ओल मिळाली की परत सुरू.

गार पाण्याच्या क्विक वॉशमध्ये हा मरत नाही. टॉवेल ६० अंशाला, पूर्ण लांबीच्या सायकलवर धुवा आणि सोबत ऑक्सिजन ब्लीचची पावडर घाला, सोडियम परकार्बोनेट असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ती गरम पाण्यातच नीट काम करते, गारमध्ये टाकून पैसे वाया घालवू नका. सॉफ्टनर इथे पण नकोच, त्याच्या थराखाली मळ अडकतो.

आणि आता मशीन. फ्रंट लोड असेल तर दाराच्या रबराची घडी बोटाने उलटी करून बघा. काळा चिकट थर, दोन केस, एखादा मोजा, सगळं सापडेल. ते पुसा, महिन्यातून एकदा रिकामं मशीन सगळ्यात गरम सायकलवर चालवा, आणि धुणं झालं की दार लावून टाकू नका, उघडं राहू दे (घरात लहान मूल असेल तर लक्ष ठेवून). धुतलेले टॉवेल तासन् तास ड्रममध्ये पडून राहिले तर वरचं सगळं केलेलं फुकट, हे तुम्हाला माहिती असेलच, तरी सांगते, कारण मलाही माहिती आहे आणि मी पण विसरते.

प्रश्न : दोरीवर वाळवलेला टॉवेल फळीसारखा ताठ का होतो? साबण नीट निघत नाही म्हणून का?

उत्तर : साबण आणि क्षार हे एक कारण आहेच, पण स्वच्छ पाण्यात धुतला तरी थोडा ताठ होतोच. २०२० मध्ये याच्यावरही जपानमध्येच अभ्यास झाला (टॉवेलबाबत ते लोक फारच गंभीर दिसतात). कापूस वाळला असं आपल्याला वाटतं तरी धाग्याच्या पृष्ठभागावर चिकटलेलं थोडंसं पाणी उरतंच, आणि तेच धाग्या-धाग्यांमध्ये गोंदासारखं काम करतं. टॉवेल न हलता वाळला की गोंद पक्का. ड्रायरमध्ये उलटापालटा होत वाळतो म्हणून मऊ राहतो. ड्रायर नसेल तर दोरीवर टाकायच्या आधी दोन्ही टोकं धरून चांगला फटकन झटका, चार-पाच वेळा, लूप उभे राहतात, आणि वाळल्यावर घडी घालायच्या आधी परत एकदा. वारा असेल तिथे वाळवा. ड्रायर असेल तर जास्त वेळ भाजू नका, किंचित गरमट असताना काढा.

प्रश्न : मुलाच्या गडद निळ्या टॉवेलवर फिकट नारिंगी डाग पडतायत. नवं डिटर्जंट बदललं तरी पडतायत. कंपनीला पत्र लिहू का?

उत्तर : थांबा, पत्र नको. मुलगा कॉलेजच्या वयाचा आहे का आणि तोंडाला पिंपल्सचं क्रीम लावतो का? त्यात बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर तेच ब्लीच करतंय. हे डाग नाहीतच, रंग उडालाय, त्यामुळे धुऊन जाणार नाहीत. तोंड पुसायला त्याला एक पांढरा टॉवेल द्या, उशीचा अभ्रा पण पांढरा.

प्रश्न : दोन मोठे टॉवेल टाकले की स्पिनला मशीन उड्या मारतं, जागेवरून सरकतं.

उत्तर : दोनच टाकता म्हणून. टॉवेल पाणी पिऊन जड होतो आणि ड्रमच्या एका बाजूला गोळा होऊन बसतो, तोल जातो. चार-पाच टॉवेल एकत्र, ड्रम पाऊणएक भरेल इतके, वर एक वीत तरी जागा मोकळी. ठासून भरू नका, मग खळबळायला पाणीच पुरत नाही. तरी उड्या मारलं तर मशीनचे चारही पाय जमिनीला नीट टेकलेत का बघा.

प्रश्न : नव्या टॉवेलबरोबर काळी पँट धुतली, पँटला लव फुटल्यासारखी झाली.

उत्तर : पहिली दोन-तीन धुणी टॉवेल एकटाच. सुटे धागे तेवढ्यात निघून जातात, गडद रंग असेल तर जास्तीचा रंग पण. पँटला चिकटपट्टी उलटी गुंडाळलेला हात फिरवा, आणि मशीनचा फिल्टर साफ करा, अर्धी लव तिथे असेल.

प्रश्न : नवरा म्हणतो टॉवेल आठवड्यातून एकदा धुतला तरी पुष्कळ, आपण स्वच्छ अंगच पुसतो. मी म्हणते रोज. कोण बरोबर?

उत्तर : दोघंही नाही. तीन-चार वापरांनंतर, आणि तेही मधल्या वेळात तो पसरून पूर्ण वाळत असेल तर. दाराच्या खुंटीवर चोळामोळा करून लटकवलेला टॉवेल घड्यांमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलाच असतो, तो लवकर धुवा. रोज धुऊन कापूस झिजतो, वीज-पाणी जातं ते वेगळंच. स्वच्छ अंगाचं म्हणाल तर पुसताना त्वचेच्या मेलेल्या पेशी आणि तेल टॉवेलवर येतंच, हे त्यांना जेवताना सांगू नका.

प्रश्न : टॉवेलची एक दशी ओढली गेली, लांब लूप लोंबतोय. ओढून काढू?

उत्तर : ओढू नका! कात्रीने बुडाशी कापा. टर्किश टॉवेल विणकाम केलेल्या स्वेटरसारखा उसवत नाही, हातमागा-यंत्रमागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेला असतो, एक लूप कापला तर बाकीचे जागेवर राहतात.