उथळ समुद्रातला प्रवाह ऋतूबरोबर उलटतो तो कसा?

वारा तर केवळ वरच्या पाण्याला लागतो, मग ऋतू पालटताच उथळ समुद्रातले सगळेच पाणी उलट्या दिशेने कसे वाहू लागते, असे आपण विचारले आहे. मी परभणी जिल्ह्यात भूगोल शिकवतो. समुद्र येथून चारशे किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे माझी सुरुवात शेततळ्यापासून होते.

आषाढात पश्चिमेचा वारा सुटला, की आमच्या तळ्यावर पडलेला कडुनिंबाचा पाला आणि फेस दुपारपर्यंत पूर्वेच्या काठाला जमतो आणि प्लास्टिकच्या अस्तरावर त्याची रेघ उमटते. भिजून जड झालेली पाने मात्र खालून सावकाश पश्चिमेकडे सरकताना दिसतात, कारण पूर्वेला चढलेल्या पाण्याला परतायला खालचीच वाट उरते. तळे चारी बाजूंनी बंद असल्याने असे होते. दोन्ही टोके मोकळी असतील, तर चढलेले पाणी पुढे निघून जाते आणि परतीच्या प्रवाहाचे फारसे कारण राहत नाही.

इंडोनेशियातला जावा समुद्र नेमका असा, दोन्ही टोकांना मोकळा आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ४६ मीटर असून पश्चिमेला तो कारिमाता सामुद्रधुनीतून दक्षिण चीन समुद्राला आणि पूर्वेला फ्लोरेस समुद्राला मिळतो. वाऱ्याने वरच्या थराला दिलेली ओढ पाण्याच्या घुसळणीतून खालच्या थरांना मिळत जाते. खोल महासागरात ती शंभरेक मीटरच्या आतच विरते आणि खालचे पाणी वाऱ्याची दखलही घेत नाही, पण येथे ती विरण्याआधीच तळ लागतो. हलवायचे पाणी मुळातच थोडे असल्याने वारा फिरल्यावर प्रवाहही लवकर फिरतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत वायव्येकडील वाऱ्याने तो पूर्वेकडे वाहतो, तर जून ते ऑगस्टमध्ये आग्नेयेकडील वाऱ्याने पश्चिमेकडे. मधल्या महिन्यांत तो मंद आणि बेभरवशाचा असतो.

स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ साली मांडलेला, पृष्ठप्रवाह वाऱ्याच्या दिशेपासून ४५ अंशांनी वळतो हा सिद्धान्त विद्यार्थी येथेही लावतात. तो अथांग पाण्यासाठी आहे. उथळ पाण्यात तळाचे घर्षण ते वळण कमी करते; शिवाय जावा समुद्र विषुववृत्ताजवळ असल्याने पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याला बाजूला वळवणारे कोरिओलिस बलही तेथे क्षीणच असते. म्हणून प्रवाह बव्हंशी वाऱ्याच्याच वाटेने जातो.

हे केवळ वरच्या थरापुरते नाही, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा क्षारतेचा आहे. वायव्य वाऱ्यांच्या काळात दक्षिण चीन समुद्राकडून कमी खारे पाणी येते आणि त्यात पावसाचे व कालिमांतानच्या (बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागातल्या) नद्यांचे गोडे पाणी मिसळते. आग्नेय वाऱ्यांच्या काळात तेच पाणी पश्चिमेकडे रेटले जाऊन त्याची जागा फ्लोरेस समुद्राकडून आलेले अधिक खारे पाणी घेते.