तेराचा पाढा कुठे तुटतो

"मॅडम, तुमच्याकडे लिफ्ट आहे का?"

भेट ठरवायला केलेल्या फोनवर ताईंनी सगळ्यात आधी हेच विचारलं. लिफ्ट नव्हती. नागपूरच्या धंतोलीतल्या जुन्या इमारतीत माझी समुपदेशनाची खोली पहिल्या मजल्यावर आहे, वर यायला १९ पायऱ्या. मी म्हटलं, तुम्ही वर येऊच नका, मीच खाली येते. मग तळमजल्यावर फिजिओथेरपीच्या खोलीत, एका कोपऱ्यात दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो. पुढचे दोन महिने आमच्या सगळ्या भेटी तिथेच झाल्या.

त्यांचं नाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. वय ४६, प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहायला मानेवाड्याकडे. दमा लहानपणापासून, पण गेल्या आठ-दहा वर्षांत तो गंभीर झालेला. रोजच्या पंपात जास्त मात्रेची दोन औषधं, शिवाय वर्षातून तीनदा तरी स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स. छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहून माझ्याकडे पाठवलं होतं: चालायला घाबरतात.

ताईंचा प्रश्न मात्र सरळ होता, आणि तो मला महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. "डॉक्टर चालायला सांगून राहिले, अन् घरचे म्हणतात बसून राहा. चालली अन् अटॅक आला तर? कोणाचं ऐकू मी?"

मी त्यांना लगेच 'घाबरू नका' म्हटलं नाही. ज्या बाईने मध्यरात्री गाडीत नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून श्वासासाठी धडपड केली आहे, तिची भीती खुळी नसते. त्या भीतीने तिला वेळेवर दवाखान्यात पोचवलेलं असतं. अडचण एवढीच की तीच भीती पुढे प्रत्येक श्वासाला ओरडायला लागते.

असं झालं होतं की चौदा महिन्यांपूर्वी, डिसेंबरात ताई अंबाझरीला सकाळी सहाला फिरायला गेल्या. कडाक्याची थंडी, तळ्यावर धुकं, वाटेत कोणीतरी पालापाचोळा पेटवलेला. मैत्रिणींच्या बरोबरीने भरभर चालल्या, काही झालं नाही. चालणं संपवून बाकावर बसल्या, थर्मासमधला चहा कपात ओतला, आणि तेव्हा छाती आवळायला लागली. पर्समधला पंप सापडेपर्यंत तोंडातून शब्द निघत नव्हता. पुढे तीन दिवस ॲडमिट.

"चालताना आला असता तर समजलं असतं," त्या म्हणाल्या. "मी तर बसली होती ना जी. म्हणजे बसल्या बसल्याही येते."

त्यांच्या भीतीचं मूळ या वाक्यात होतं. जोरात चालताना आपण तोंडाने आणि भराभर श्वास घेतो. थंड, कोरडी हवा नाकात गरम-ओली न होता थेट आत जाते. थंडीत ओठ सुकतात तसं श्वासनळ्यांचं आतलं अस्तर सुकतं, तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. हे आवळणं बहुतेक वेळा थांबल्यावर वाढतं. पाच ते पंधरा मिनिटांत ते सगळ्यात जास्त असतं आणि सौम्य असेल तर साधारण तासाभरात ओसरतं. ताईंच्या बाबतीत थंडीला धूर मिळाला आणि ते ओसरलं नाही. अटॅक चालण्याचाच होता, फक्त उशिरा पोचला.

हे ऐकून ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे बाकाचा काही दोष नव्हता." गेले चौदा महिने त्या बाकावर बसायलाही घाबरत होत्या. वर्ग तळमजल्यावर मागून घेतला होता. भाजीची पिशवी मुलगा उचलायचा, कपडे वाळत घालायला नवरा गच्चीवर जायचा. गोळ्यांनी आणि बसून राहण्याने वजन ११ किलोंनी वाढलं, मांड्यांतली ताकद गेली. ताकद गेलेल्या पायांना तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते, म्हणून पूर्वी जी धाप दोन मजल्यांवर लागायची ती आता सहाव्या पायरीवर लागू लागली. ती लागली की वाटायचं, दमा वाढला. मग अजून बसणं.

तरीही आम्ही चालण्यापासून सुरुवात केली नाही, आणि गंभीर दमा असणाऱ्या कोणालाच मी तसं सांगत नाही. मी ताईंना म्हटलं, पंप कसा घेता ते दाखवा. त्यांनी पंप न हलवताच तोंडाला लावला, दाबला, आणि ओठांच्या कोपऱ्यातून पांढरी वाफ बाहेर आली. औषधाचा बराचसा भाग खोलीतच गेला. मी डॉक्टर नाही, पण एवढं मलाही दिसलं. शिवाय रोजचा पंप त्या रोज घेत नव्हत्या. बरं वाटलं की बंद, कारण 'पंपाची सवय लागते' हे लहानपणापासून ऐकलेलं. एका वर्षी मृग नक्षत्राला हैदराबादला जाऊन दम्याचं औषध भरलेला जिवंत मासाही गिळून आल्या होत्या. त्याबद्दल मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, त्या दिवसांत पंप चालू होता का? त्या पावसाळ्यात तो पूर्ण बंद होता, आणि पोळ्याच्या सुमाराला त्या ॲडमिट झाल्या होत्या.

डॉक्टरांनी स्पेसर, म्हणजे औषध वाया न जाता आत ओढता यावं म्हणून पंपाला जोडायची नळी, दिला, कसा वापरायचा ते समोर करून घेतलं, घेतल्यावर चूळ भरायला सांगितलं. रोजचा पंप सूज कमी करायला असतो आणि त्याचा पुरता गुण दिसायला काही आठवडे जातात. सहा आठवडे आम्ही फक्त तेवढंच केलं. त्या काळात माझं काम 'सवय लागते' या दोन शब्दांशी होतं. चष्म्याची सवय लागली म्हणून कोणी चष्मा काढून ठेवत नाही, हे ताईंनी स्वतःच एका भेटीत मला सांगितलं तेव्हा ते काम झालं असं मी समजले.

मग पीक फ्लो मीटर आलं, श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणारं. ताई त्याला फुंकणी म्हणतात. उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. औषध नीट सुरू झाल्यावर त्यांचा सर्वांत चांगला आकडा ३४० आला. त्यावरून डॉक्टरांनी कागदावर तीन पट्टे करून दिले. २७०च्या वर हिरवा, चालायला हरकत नाही. १७० ते २७० पिवळा, व्यायाम बंद आणि कागदावर लिहिलेलं औषध. १७०च्या खाली लाल, आरामाचा पंप (आवळलेल्या नळ्या लगेच मोकळ्या करणारा) घेत थेट दवाखाना. हे आकडे ताईंचे आहेत. प्रत्येकाचे आपल्या सर्वोत्तम आकड्यावरून वेगळे निघतात आणि ते डॉक्टरांकडूनच घ्यायचे. चालण्याआधी कोणता पंप, किती, तेही त्यांनीच ठरवायचं. ताईंना आरामाच्या पंपाचे दोन पफ पंधरा मिनिटं आधी सांगितले होते.

भीतीवरचं माझं काम वहीत झालं. शाळेतली दुरेघी वही, मधोमध रेघ, एकीकडे 'धाप', दुसरीकडे 'दमा'. ताईंनी आठवून आठवून भरली. धाप लागली की घाम येतो, छाती धडधडते, पण वाक्य पूर्ण बोलता येतं आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत उतरते. दम्यात छाती आवळते, कोरडा खोकला सुटतो, शिट्टी वाजते, श्वास बाहेर सोडताना अडतो आणि थांबल्यावरही वाढत जातो. त्याखाली मी एक ओळ लाल पेनाने लिहायला लावली: त्रास वाढतोय पण शिट्टी ऐकू येईनाशी झाली, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, हवाच आत-बाहेर होत नाही. बोलता येईना, ओठ निळसर झाले, पंपाने फरक पडेना, तर १०८.

आता हे चालता चालता ओळखायचं कसं? ताई शिक्षिका. मी म्हटलं, पाढे म्हणत चाला. त्यांनी तेराचा निवडला, कारण तो मुलांना पाठ होत नाही म्हणून त्यांचा आवडता. तळमजल्याच्या लांब पडवीत पहिल्या दिवशी एक मिनिट चालणं, दोन मिनिटं रेंगाळणं, असं चार वेळा. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस." एका श्वासात तीन ओळी गेल्या तर वेग ठीक. दोनच गेल्या तर हळू. एक ओळही एका श्वासात पुरी होईना, 'तेरा चोक' म्हणून 'बावन्न'ला दुसरा श्वास घ्यावा लागला, तर थांबायचं. पहिल्या दिवशी पाढा दुसऱ्या फेरीतच तुटला. ताईंचा हात पर्सकडे गेला. मी म्हटलं, आधी वही बघू. घाम होता, धडधड होती, शिट्टी नव्हती. फुंकणीत २९५. तीन मिनिटांनी श्वास उतरला. 'धाप'खाली त्यांनी बरोबरची खूण केली, मुलांच्या वहीवर करतात तशी.

थांबल्यावर पुन्हा पंधरा मिनिटांनी फुंकायचं हा नियम मात्र आम्ही कधीच सोडला नाही. ती पंधरा मिनिटंच खरी परीक्षा असते. फिरून आल्यावर लगेच स्कूटीवर बसून निघून जाणारे दमेकरी मला दिसतात तेव्हा काळजी वाटते.

चालण्याआधी दहा मिनिटं शरीर तापवणं, मधूनमधून वेग थोडा वाढवून पुन्हा कमी करणं, शेवटी हळूहळू थांबणं, हे फिजिओथेरपिस्टने शिकवलं. चांगलं तापवलं की पुढचा काही वेळ बऱ्याच जणांच्या नळ्या आवळायला कमी धजतात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग दहा. मांड्यांचा व्यायाम थोडा-थोडा केला तर श्वास फार न वाढता ताकद येते, म्हणून गंभीर दम्यात मला तो फार मोलाचा वाटतो. नातेवाइकांनी कपालभाती सुचवली होती. भराभर, जोराने श्वास फेकण्याने काहींना उलट त्रास होतो, म्हणून ताईंनी ती केली नाही. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं त्यांना मानवलं.

एप्रिलच्या शेवटी आकडा अचानक २५० वर आला. दोन दिवस पिवळा पट्टा, चालणं बंद, खोकला. मी विचारलं, घरात नवीन काय? काहीच नाही म्हणाल्या. मग आठवलं, कूलर काढला होता. गेल्या वर्षीच्याच वाळ्याच्या ताट्या, आठ महिने गच्चीवर पडलेल्या, पाणी सोडल्यावर कुबट वास मारणाऱ्या. ताट्या बदलल्या, टाकी घासली, आठवड्यात आकडा ३०० वर गेला. नागपूरच्या ४५ डिग्रीत कूलर टाळता येत नाही, पण बुरशी टाळता येते. त्या उन्हाळ्यात चालणं घरातच झालं, स्वयंपाकघर ते पुढची खोली.

यजमानांची भीती ताईंपेक्षा मोठी होती. ते एकदा एकटेच भेटायला आले. "मॅडम, तिला माहीत नाही ती कशी दिसत होती त्या दिवशी. मी पाहिलंय." ते दहा मिनिटं रडले. घरात 'नको' म्हणणारे तेच होते आणि त्या 'नको'मागे काय होतं ते तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांना 'नको म्हणू नका' असं सांगितलं नाही. 'नको'च्या जागी 'आकडा किती?' एवढं विचारा, म्हटलं. हे त्यांना जमलं. बँकेतला माणूस, आकड्यावर विश्वास बसतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंना इतवारीत माहेरी जाऊन मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जायला सांगत मिरवणुकीने काढतात तो पुतळा, बघायची होती. "खोकला घेऊन जाय गे मारबत म्हणून ओरडायचं आहे मला," म्हणाल्या. गेल्या, ओरडल्या, आणि गर्दीच्या धुळीने संध्याकाळी २४०. पण कागद काढला, लिहिलेलं औषध घेतलं, डॉक्टरांना फोन केला, चार दिवस चालल्या नाहीत. पाचव्या दिवशी हिरव्यात आल्यावर पुन्हा एक मिनिटापासून. चौदा महिन्यांऐवजी चार दिवस, यासाठीच ही सगळी मेहनत होती.

यातून दमा गेला असं कोणी समजू नये. त्या वर्षातही स्टिरॉइडच्या गोळ्यांचे दोन कोर्स झालेच, आणि डॉक्टर आता रक्तातल्या इओसिनोफिल या पेशी आणि आयजीई हे ॲलर्जीशी जोडलेलं द्रव्य तपासून नव्या जैविक इंजेक्शनांचा विचार करत आहेत. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला दमा होता आणि तरी तिने २००३मध्ये महिलांच्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, हे उदाहरण लोक आणून देतात. मी ते ताईंना कधी सांगितलं नाही. गंभीर दम्यात मापं वेगळी असतात. ताईंना गच्चीवर कपडे वाळत घालायचे होते, ते त्या आता घालतात. थंडीत चालणं दुपारी चारनंतर, नाका-तोंडावरून ओढणी. दिवाळीत आठवडाभर घरातच.

मागच्या गुरुवारी दोघंही आले. मी खाली जायला निघाले तर ताई जिन्यात होत्या, कठड्याला हात लावून, तोंडाने पुटपुटत. नवव्या पायरीवर क्षणभर थांबल्या, मग वर आल्या. यजमानांचीच छाती भात्यासारखी चालली होती. ताई त्यांना म्हणाल्या, "तेराचा म्हणा बरं." त्यांचा तेरा दुणेवर तुटला.

मी पाणी दिलं. बोलायला मात्र लगेच सुरुवात केली नाही. फुंकणी मांडीवर घेऊन ताई माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, पंधरा मिनिटं व्हायला अजून अकरा बाकी होती.